पडवीतली गाडी आणि रिकामी टाकी

(प्रभागसंघाच्या फेब्रुवारीच्या मासिक सभेत समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही अशा ताईंनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)



विषय सांगितल्याबरोबर मागच्या रांगेतल्या काही जणी हसल्या, ते मी बघितलंय. बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचा हप्ता सोडून ही पोरगी आज गाडीच्या टाकीवर बोलणार म्हणते. हसा, हरकत नाही. पण आधी हे कुठून निघालं ते सांगते.

मागच्या महिन्यात पोलादपूरकडच्या एका गटाच्या बैठकीला मी बसले होते. एका ताईंनी तीन हजारांचं कर्ज मागितलं. सचिवताईंनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "घरखर्च लिहा." लिहिलं. बैठक संपली, चहा आला, आणि तेव्हा खरं कारण बाहेर पडलं. गाडीच्या टाकीतून पेट्रोल गळतंय. नवी टाकी घ्यायची तर हजारांत जाणार. मुलगा म्हणतो, बाजूच्या गावात ग्रील बनवणारा आहे, तो दोनशे रुपयांत वेल्डिंग मारून देईल. मी विचारलं, पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग? तर ताई म्हणाल्या, "टाकी पूर्ण रिकामी करूनच नेणार आहे ना, मग काय होतंय?"

माझा चहा तसाच राहिला. कारण रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. हे मला माहीत आहे, त्या ताईंना माहीत नव्हतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज हा विषय.

दुसरं असं की, गाडी पुरुषाची हे आपण नुसतं म्हणतो. कागद त्याच्या नावावर असेल, पण आपल्याकडे गाडी असते कोणाजवळ? घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर पुण्याला. गणपतीला येतो, गाडी पुसतो, आठ दिवस फिरवतो आणि जातो. मग शिमग्यापर्यंत गाडी पडवीत, प्लास्टिकखाली. हप्ता आपण भरतो, बऱ्याचदा गटाच्या कर्जातूनच. वाडीवर एसटी येते दिवसातून एक-दोनदा. रात्री सासूबाईंच्या छातीत दुखलं तर हीच गाडी शेजारच्या पोराला काढायला लावतो. आणि वास यायला लागला, फरशीवर डाग दिसला, तर तोही पहिला आपल्यालाच दिसतो.

आता टाकी गंजते कशी ते बघा. टाकी लोखंडी पत्र्याची. बाहेरून रंग असतो, आत रंग नसतो. टाकी अर्धी असली की वरच्या अर्ध्या भागात हवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवा म्हणजे अर्धं पाणीच. डब्यातला पापड दोन दिवसांत मऊ पडतो, तिथे पत्र्याचं काय. रात्री पत्रा गार झाला की त्या हवेतलं पाणी आतून थेंबाथेंबानं सुटतं, थंडगार तांब्याला बाहेरून सुटतं तसं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते सगळं खाली तळाला जाऊन बसतं. म्हणून टाकी बहुतेक वेळा खालूनच सडते, कॉकच्या आजूबाजूला किंवा खालच्या जोडाजवळ. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. रोज चालणाऱ्या गाडीला याचा त्रास कमी, कारण पेट्रोल संपतं आणि नवीन येतं. सहा महिने उभ्या गाडीला जास्त.

आणि महाडच्या ताईंना तर हे वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या त्याची मोजदादच नव्हती. पाणी उतरल्यावर गाड्या चिखलातून ओढून काढल्या, इंजिनचं ऑइल बदललं, प्लग पुसला, सुरू झाली, वापरायला घेतली. टाकी आतून धुतली किती जणांनी? त्याच दिवशी तळियेवर दरड आली, आपल्या पोलादपूरमध्ये केवनाळ्याला आणि साखर सुतारवाडीला आली. त्या दिवसांत गाडीच्या टाकीत डोकावायची कोणाची मनःस्थिती नव्हती. पण त्या पाण्याचा गंज आत राहिला, आणि तो अजून खातोय. जाता जाता एक सांगते. पुराचं नुकसान भरून मिळायला पूर्ण विमा लागतो. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीचं काही मिळत नाही. नूतनीकरणाच्या वेळी कागद वाचून घ्या.

आता माझ्या घरची गोष्ट. मी कॉलेजात होते. बाबांच्या गाडीची टाकी गळायला लागली म्हणून भावाने पेट्रोल काढलं आणि थंड पेयाच्या दोन बाटल्यांत भरून मागच्या दाराशी, मोरीच्या कडेला ठेवलं. पावसाचे दिवस, लाकडं ओली. संध्याकाळी आजी चूल पेटवायला बसली. राखेत निखारे होते, पण पेट घेईनात. तिला बाटली दिसली. तिला सर्दी होती, वास आला नाही. रेशनचं रॉकेल निळं असायचं हे तिला पक्कं माहीत होतं, पण रेशनवर रॉकेल मिळायचं बंद होऊन किती दिवस झाले होते. तिला वाटलं, कोणीतरी बाहेरून आणलं असेल, बाहेरचं असं असत असेल. पेट्रोलला केशरी झाक असते आणि गंजक्या टाकीतलं तर कोऱ्या चहासारखं दिसतं. झाकण उघडून ती बाटली चुलीवर वाकडी करणार, तेवढ्यात आई पाण्याचा हंडा घेऊन आत आली. आईने हंडा तिथेच टाकला आणि आजीचा हात धरला. हंड्याला पोचा आला, तो अजून आहे. बाकी काही झालं नाही. भाऊ दोन दिवस जेवायला सगळ्यांबरोबर बसला नाही.

रॉकेल आणि पेट्रोल यांत फरक काय, ते नीट समजून घ्या. रॉकेलला काडी लावली तरी ते पटकन पेटत नाही, वात लागते. पेट्रोलचं तसं नाही. ते थंडीतसुद्धा सारखं वाफ सोडत असतं, आणि पेटते ती वाफ. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी पसरते, उंबरठ्यावरून उतरते, खोलगट जागी साठते. पेट्रोल पडवीत उघडं आणि चूल आत माजघरापलीकडे, तरीही वाफ चुलीपर्यंत जाते आणि आग उलट पडवीत येते. गॅसची शेगडी, देवघरातलं निरांजन, मच्छर अगरबत्ती, विडी, बल्बचं बटण, सगळं यात आलं.

आणि आता ती रिकामी टाकी. भरलेल्या टाकीत आत हवाच नसते, मग आत जळायला वावच नाही. पेट्रोल ओतून काढलं की आत हवा शिरते, आणि पत्र्याच्या भिंतींना, गंजाच्या खपल्यांत पेट्रोल चिकटून राहिलेलं असतं. त्याची वाफ आणि ही हवा, दोन्ही मिसळले की तो फटाकाच. दहा लिटरच्या टाकीत असा स्फोट व्हायला पेट्रोल किती लागतं माहीत आहे? चहाचा अर्धा चमचा. तेवढं तर प्रत्येक 'रिकाम्या' टाकीत असतं. उन्हात चार दिवस ठेवली तरी गंजाच्या थराखाली राहू शकतं. म्हणून त्या दोनशे रुपयांच्या वेल्डिंगला मी नाही म्हटलं.

मग घरी काय करता येतं? बरंच येतं. पण एक अट आधी. तुमची गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-सहा असेल, तर टाकी घरी खोलू नका. त्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो. ती सरळ मेकॅनिककडे. मी सांगतेय ते जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांचं, आणि आपल्याकडे पडवीत उभ्या आहेत त्या बहुतेक याच.

पहिलं काम, गळतंय कुठून ते शोधणं. बऱ्याच वेळा टाकी चांगली असते आणि गळतो तो कॉक. कॉकचा रबरी वायसर कडक होऊन चिरतो, नाहीतर पेट्रोलचा पाइप टोकाला फाटतो. दोन्ही वस्तू थोड्या पैशांत मिळतात. गाडी बाहेर अंगणात घ्या, टाकीचा खालचा भाग कापडाने कोरडा करा, आणि कागदाची एकेक पट्टी कॉकला, पाइपच्या दोन्ही टोकांना, टाकीच्या जोडाला लावून बघा कुठली ओली होते. पेट्रोल वरून ओघळत येतं, म्हणून डाग दिसतो तिथे भोक नसतं. सगळ्यात वरचा ओला भाग बघायचा. काडी पेटवून बघणारे महाभाग मी स्वतः बघितलेत. तसलं काही नको, दिवसाउजेडी बघा.

भोक टाचणीएवढं असेल आणि गाडी गॅरेजपर्यंत न्यायची असेल, तर कपडे धुण्याचा साबण कोरडाच त्यावर घासून दाबून बसवायचा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे थोडा वेळ धरतो. मेकॅनिक लोकांची ही जुनी युक्ती आहे. पण तेवढ्यापुरतीच. महिनाभर साबणावर गाडी चालवणारा पोरगा घरात असेल तर त्याची चावी काढून घ्या.

दोन भाग मिसळून लावायची पुट्टी, जिला आपण सगळे एमसील म्हणतो, तीही लावता येते. पण पाकिटावर पेट्रोलला चालते असं लिहिलेलं असेल तीच घ्यायची, टाकी रिकामी आणि कोरडी करायची, रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करायचा. घासायचं ते हातानेच, ग्राइंडर अजिबात नको, त्याच्या ठिणग्या उडतात. ओल्या पत्र्यावर, गळतं चालू असताना दाबलेली पुट्टी दोन दिवसांत निघते. आणि नीट लावलेलीसुद्धा कायमची समजू नका.

आता आतला गंज. यासाठी लागणारी वस्तू आपल्यातल्या सरबत करणाऱ्या गटांकडे नेहमी असते: सायट्रिक अ‍ॅसिड, तीच पांढरी पूड. बाथरूमचं अ‍ॅसिड वापरू नका. ते गंजाबरोबर पत्राही खातं, त्याचा धूर छातीत जातो, आणि त्यात ब्लिचिंग पावडर मिसळली गेली तर विषारी वायू होतो.

काम अंगणात, घरापासून लांब, वारा असेल तिथे. मुलं आणि कोंबड्या दोन्ही लांब. जवळ वाळूची बादली आणि ओलं गोणपाट ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. सुती कपडे, पदर खोचलेला, हातात रबरी मोजे, डोळ्याला चष्मा. बॅटरीची वायर आधी सोडवा. सीट काढली की टाकीचा मागचा बोल्ट दिसतो. कॉक बंद करून पाइप काढा, मीटरची वायर असेल तर तीही, मग टाकी मागे ओढून वर उचला. पेट्रोल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा पेट्रोलसाठीच्या कॅनमध्ये काढा. तोंडाने पाइप ओढायचा नाही. आपल्याकडे सगळे पुरुष असंच करतात, पण एक घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनियासारखा आजार होतो. कॉक उघडला की पेट्रोल आपोआप खाली येतं, तोंड लावायची गरजच काय?

मग भांड्यांचा लिक्विड साबण आणि पाणी घालून टाकी हलवून धुवायची. वास जाईपर्यंत, चार-पाच वेळा. हे पाणी मोरीत, ओढ्यात, विहिरीच्या बाजूला किंवा शेतात नको. घरापासून लांब, पडीक उघड्या जागी. नंतर आत मूठभर नट टाका, थोडं पाणी टाका आणि टाकी चारी बाजूंनी हलवा, म्हणजे सुटा गंज निघतो. नट मोजून टाका आणि मोजून काढा. एका मेकॅनिककाकांनी मला हे शिकवताना स्वतःच एक नट आत सोडला होता. अर्धा तास टाकी कानाशी धरून वाजवत होते.

कॉकचं भोक रबराने बंद करा. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे दहा लिटरच्या टाकीला अर्धा किलो. पाणी कोमट असलं तर लवकर काम होतं. हे पाणी टाकी भरून ओता, रंगावर सांडलं तर लगेच पुसा. झाकण घट्ट लावू नका, आत थोडा वायू तयार होतो, त्याला वाट पाहिजे. रात्रभर ठेवा, जास्तीत जास्त एक दिवस. सकाळी पाणी काळं-हिरवं निघेल. टाकी स्वच्छ पाण्याने धुवा, मग खायचा सोडा दोन-तीन चमचे टाकलेल्या पाण्याने, मग पुन्हा साध्या पाण्याने.

इथेच सगळे चुकतात. उघडा पत्रा ओला राहिला की बघता बघता पुन्हा तांबूस होतो. म्हणून हे काम आता करायचं, मार्च-एप्रिलच्या उन्हात, सकाळी लवकर. जूनमध्ये नको. टाकी दोन विटांवर उलटी ठेवून कडक उन्हात वाळवा, पूर्ण कोरडी झाली की कपभर इंजिन ऑइल आत घालून सगळीकडे फिरवा, जास्तीचं ओतून काढा. कॉकची जाळी आणि वायसर नवीन घाला. मगच पेट्रोल.

पण एक धोका आधीच सांगते. काही टाक्यांत पत्रा इतका खाल्लेला असतो की गंजच पेट्रोल धरून असतो. गंज काढला की चाळणी. तळाला बोटाने दाबल्यावर पत्रा आत जात असेल, खपल्या पडत असतील, तर अ‍ॅसिडचे पैसेही घालवू नका. तिथे दोनच रस्ते. एक, दुसरी टाकी घ्यायची. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांकडे चांगली वापरलेली टाकी मिळते, मात्र आत बघून घ्या. दोन, टाक्यांचंच काम करणाऱ्या वेल्डरकडे जायचं. जाताना एकच प्रश्न विचारा: "दादा, टाकी कशी तयार करून घेता?" तो म्हणाला की आधी धुतो, मग पाण्याने भरतो आणि फक्त जिथे जोड मारायचा तेवढीच जागा पाण्याबाहेर ठेवतो, तर त्याला काम कळतं. "रिकामी आहे ना, द्या इकडे" म्हणाला तर टाकी उचला आणि घरी या. त्याच्यासाठीसुद्धा. त्याच्या घरीही बायको-मुलं असतील.

काढलेलं घाण पेट्रोल त्याच दिवशी गॅरेजला देऊन टाका, ते पार्ट धुवायला वापरतात. घरात ठेवायचं नाही, पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत तर नाहीच, आणि चूल, शेकोटी, होळी पेटवायला कधीच नाही. शिमगा जवळ आलाय म्हणून मुद्दाम सांगते. मुलाने चुकून पेट्रोल प्यायलं तर उलटी काढायची नाही. आपल्याकडे मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची पद्धत आहे, पण पेट्रोल वर येताना फुप्फुसात जातं आणि तेच जिवावर बेततं. काही न पाजता लगेच सरकारी रुग्णालयात. भाजलं तर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका, आणि १०८ ला फोन करा.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी न ठेवता भरून ठेवा, कॉक बंद, आणि आठवड्यातून एकदा अंगणात काढून दहा मिनिटं सुरू करा. चुलीच्या भिंतीला टेकून उभी करू नका. किक मारता येत नाही म्हणणाऱ्या ताईंनी शेजारणीला बोलवा, नाहीतर शिका. मलाही बावीसाव्या वर्षापर्यंत येत नव्हती.

त्या ताईंच्या टाकीचं पुढे काय झालं, असं मघाशी कोणीतरी विचारलं. मी आणि गटातल्या दोघी त्यांच्याकडे गेलो. कॉकचा वायसर गेलेला होताच, पण तळाला पत्राही मऊ लागला. मग त्यांनी वापरलेली टाकी घेतली. कर्ज तीन हजार लागलं नाही, त्याच्या निम्म्यात झालं. पुढच्या बैठकीत सचिवताईंनी नोंदवहीत "घरखर्च" खोडून "गाडीची टाकी" असं लिहिलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कर्जाचं खरं कारण आधी सांगितलं असतं तर गटाने आधीच जाऊन बघितलं असतं, एवढंच माझं सचिवताईंना आणि तुम्हाला म्हणणं आहे.

त्यांची जुनी टाकी मी मागून घेतली आहे. एप्रिलच्या सभेला ती इथे अंगणात आणणार, कापून आतून कशी खाल्ली आहे ते तुम्हाला दाखवायला. घाबरू नका, ती चार वेळा साबणाने धुतलीय, आणि कापताना पाण्याने भरून, हातकरवतीने कापून घेणार आहे. दुसरी एक बरी टाकी मिळाली तर सायट्रिक अ‍ॅसिडचं काम तिथेच करून बघू. यायचं असेल त्यांनी ग्रामसंघाच्या सचिवांकडे नाव द्या. नायलॉनची साडी नेसून येऊ नका, आणि ज्यांच्याकडे १० नंबरचा पाना असेल त्यांनी तो घेऊन या. माझा हरवलाय.